जोराची वाट: घरी मोटारसायकलचं बेअरिंग बदलताना

मोटारसायकलच्या चाकातलं नवं कोरं बेअरिंग रस्त्यावर हातभरही न धावता बिघडू शकतं. ते बिघडतं बसवताना. वरून सगळं ठाकठीक दिसतं, चाक फिरतं, गाडी चालते आणि काही महिन्यांत पुन्हा तीच घरघर सुरू होते. मग दोष बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो, नाहीतर खड्ड्यांना. त्यांचाही वाटा असेल. पण ते बेअरिंग हबमध्ये कशानं ठोकलं आणि नेमकं कुठे ठोकलं, हे फारसं कुणी विचारत नाही.

ज्याला चाक काढता येतं, ब्रेक शू बदलता येतात, चेन ताणता येते, त्याला बेअरिंग बदलणं मुळीच अशक्य नाही. गोंधळ उडतो तो हत्यारं घ्यायला गेल्यावर. पुलर तीन-चार तऱ्हांचे, प्रेस सहा टनांपासून वीस टनांपर्यंत, शिवाय ड्रायव्हर सेट, हीट गन, स्लाइड हॅमर. प्रत्येक विक्रेता आपलंच हत्यार अत्यावश्यक असल्याचं सांगतो. माझं मत असं, की आधी हत्यारांची यादी करूच नये. आधी एवढंच ठरवावं, की बेअरिंग हलवण्यासाठी लावलेला जोर त्याच्या कोणत्या भागातून जाणार आहे. ती वाट ठरली की हत्यार ठरतं, आणि बरीचशी हत्यारं घरातल्याच पेटीत सापडतात.

शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक गाड्यांच्या चाकांत ६३०१ क्रमांकाचं बेअरिंग असतं. त्याचं भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३७ आणि रुंदी १२. आतली रेस, बाहेरची रेस, दोहोंच्या मधे छर्रे आणि छर्ऱ्यांना एकमेकांपासून अंतरावर धरणारा पिंजरा, एवढाच संसार. चाकात बाहेरची रेस हबमध्ये घट्ट बसलेली असते. ॲक्सल मात्र आतल्या रेसमधून हातानं सरकतो. म्हणजे घट्टपणा फक्त बाहेरच्या रेसला आहे, आणि बेअरिंग आत ढकलायचं तर ढकलायचं तिलाच. तिच्याऐवजी आतल्या रेसवर घाव घातला, तर तो घाव छर्ऱ्यांतून प्रवास करून बाहेरच्या रेसपर्यंत पोचतो. बेअरिंग आत जातं खरं, पण वाटेत छर्रे आणि रेस एकमेकांवर चिरडले जातात.

किती चिरडले जातात, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक किलोचा हातोडा सेकंदाला ३ मीटर वेगानं आला आणि अर्ध्या मिलिमीटरात थांबला, तर सरासरी जोर ९००० न्यूटन होतो. म्हणजे ९०० किलोहून अधिक वजन क्षणभर ठेवल्यासारखं झालं. आणि हा घाव काही फार जोरकस नव्हे. बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफ कंपनीच्या तक्त्यात ६३०१ ची स्थिर भारक्षमता ४.१५ किलोन्यूटन दिली आहे, म्हणजे सव्वाचारशे किलोच्या आसपास. तीही चाकावर वरून येणाऱ्या भारासाठी. बाजूनं, म्हणजे ॲक्सलच्या दिशेनं, बेअरिंगला सोसवतं ते याहून पुष्कळ कमी, आणि बसवतानाचा घाव येतो नेमका त्याच दिशेनं.

स्थिर भारक्षमता ज्या मोजमापावर ठरते तेही लक्षात घेण्याजोगं आहे. छर्रा आणि रेस मिळून छर्ऱ्याच्या व्यासाच्या दहा-हजाराव्या भागाइतका कायमचा दाब उमटला, की ती मर्यादा आली असं मानतात. आठ मिलिमीटरचा छर्रा धरला तर हा खळगा ०.०००८ मिलिमीटरचा. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटाला लागत नाही. घाव या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट झाला की खळगे खोल होतात आणि छर्ऱ्यांमधल्या अंतरानं रेसवर ओळीनं उमटतात. मग फिरताना प्रत्येक छर्रा प्रत्येक खळग्याच्या काठावर आपटतो. काठाचे कपचे निघतात, ते ग्रीसमध्ये मिसळतात आणि उरलेली गुळगुळीत रेसही खरवडून काढतात.

योहान ऑगस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्यानं १९०० साली धातूचा कठीणपणा मोजायची जी पद्धत मांडली ती अशीच आहे. कठीण गोळी ठरावीक भारानं धातूवर दाबायची आणि उमटलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा. चुकीच्या रेसवर हातोडा मारणारा माणूस नकळत आपल्या नव्या बेअरिंगवर हीच चाचणी घेत असतो. कारागीर या खळग्यांना ब्रिनेलिंग म्हणतात ते त्याच्याच नावावरून.

तेव्हा नियम असा. बेअरिंग हबमध्ये किंवा इंजिनच्या केसमध्ये घट्ट बसवायचं असेल तर जोर बाहेरच्या रेसवर. शाफ्टवर घट्ट बसवायचं असेल तर आतल्या रेसवर. दोन्हीकडे घट्ट असेल तर दोन्ही रेसवर एकाच वेळी, सपाट चकतीनं. काढतानाही हेच खरं, फक्त तिथे एक अपवाद करावाच लागतो, त्याबद्दल पुढे.

हबमध्ये बेअरिंग बसवायचं हत्यार म्हणजे बाहेरच्या रेसवर पुरेपूर टेकणारी, पण हबच्या भिंतीला न घासणारी गोल चकती किंवा नळी. रेस ३७ ची असेल तर चकती साधारण ३६ ची हवी. बाजारातल्या ड्रायव्हर सेटमध्ये अशा ॲल्युमिनियमच्या चकत्या आणि त्यांना जोडायची मूठ येते. सेट चांगला असतो, पण नसला म्हणून काम अडत नाही. पेटीतल्या २७ किंवा २८ नंबरच्या सॉकेटचा बाहेरचा व्यास छत्तिसाच्या आसपास असतो. कंपनीगणिक तो बदलतो, म्हणून व्हर्नियरनं मोजून घ्यावा. याहून चांगली चकती म्हणजे नुकतंच काढलेलं जुनं बेअरिंग. त्याची बाहेरची कड ग्राइंडरवर चहूबाजूंनी जराशी घासली की ते हबमध्ये न अडकता नव्या बेअरिंगच्या पाठीवर तंतोतंत टेकतं. कड न घासता वापरलं तर मात्र ते नव्याच्या मागोमाग हबमध्ये रुतून बसतं.

हातोड्याऐवजी मी थ्रेडेड रॉड निवडीन. हार्डवेअरच्या दुकानात मीटरभर लांबीचा, पूर्ण आट्यांचा रॉड मिळतो. एम १० चा रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि दोन चकत्या एवढ्यावर चाकाच्या हबसाठी छोटा प्रेस तयार होतो. रॉड हबमधून आरपार घालायचा, एका बाजूला रुंद पट्टी किंवा चकती टेकवायची, दुसऱ्या बाजूला बेअरिंग आणि त्यावर ड्रायव्हरची चकती ठेवून नट हळूहळू आवळायचा. साध्या पोलादाचा एम १० रॉडही एक टनाहून अधिक ताण सोसतो, आणि हबला बहुधा त्याहून कमीच लागतो. आट्यांना ग्रीस लावलं नाही तर ते लवकर झिजतात. घाव नसल्यामुळे बेअरिंग सरळ जातंय की तिरकं, हे पाहायला सवड मिळते. टेबलाचा खण एका बाजूनं ढकलला की तिरका होऊन अडकतो, तसंच बेअरिंगचं होतं. तिरकं झालं आणि आपण जोर वाढवत राहिलो तर ॲल्युमिनियमच्या हबची साल निघते आणि पुढचं बेअरिंग तिथे कधीच घट्ट बसत नाही. तिरकं झालं की मागे घ्यायचं आणि पुन्हा सरळ धरून सुरू करायचं, दुसरा उपाय नाही.

चाकात दोन बेअरिंगं असतात आणि त्यांच्या मधे एक नळी, स्पेसर. ॲक्सलचा नट आवळला की दोन्ही आतल्या रेस या स्पेसरवर दाबल्या जातात. पहिलं बेअरिंग हबच्या पायरीला टेकेपर्यंत बसवायचं. कोणत्या बाजूचं आधी, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मग स्पेसर घालायचा. विसरलात तर सगळं पुन्हा काढावं लागेल आणि काढलेलं बेअरिंग वाया जाईल. दुसरं बेअरिंग स्पेसरला टेकेपर्यंतच न्यायचं. त्यापुढे ओढत राहिलं तर स्पेसर दोन्ही आतल्या रेसना बाहेर ढकलतो, छर्रे सतत बाजूच्या दाबाखाली राहतात आणि बेअरिंग तापून मरतं. इथे रॉडचा मोठा फायदा आहे. पाना अचानक जड झालेला हाताला कळतो. हातोडा वापरत असाल तर आवाज ऐका. पोकळ ठोका घट्ट, भरीव झाला की बेअरिंग टेकलं. शेवटी आतली रेस बोटानं फिरवून बघा. ती एकसारखी, किंचित जड पण अडथळ्याविना फिरायला हवी.

आता उष्णतेकडे वळू, कारण माझ्या मते घरच्या कारागिरानं पैसे घालावेत ते सर्वांत आधी इथे. पोलाद आणि ॲल्युमिनियम तापल्यावर सारखे फुगत नाहीत. ॲल्युमिनियम अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन फुगतं, पोलाद साधारण १२. हबचं ३७ मिलिमीटरचं भोक ३० अंशांवरून १०० अंशांवर नेलं तर ते जवळजवळ ०.०६ मिलिमीटरनं मोठं होतं. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवलं तर ते ०.०२ मिलिमीटरनं आकसतं. हबमधला घट्टपणा मुळात मिलिमीटरच्या काही शतांशांचाच असतो. म्हणजे गरम हब आणि गार बेअरिंग एकत्र आले की घट्टपणा जवळपास नाहीसाच होतो, आणि पुष्कळदा बेअरिंग हाताच्या दाबानं किंवा हलक्या ठोक्यानं आपल्या जागी जाऊन बसतं. जोर लावायची गरजच उरत नाही, मग तो चुकीच्या वाटेनं जाईल कसा?

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. फ्रीझरपेक्षा उष्णतेचा परिणाम तिप्पट आहे. नुसत्या फ्रीझरवर विसंबून राहणारे पुष्कळ आहेत. त्यांना थोडी मदत होते, पण हब तापवणाऱ्याला होते तेवढी नाही. फ्रीझरमधून काढलेल्या बेअरिंगवर पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, क्षणात दव जमतं. म्हणून ते पिशवीत बंद करून ठेवावं, हब पूर्ण तापल्यावरच बाहेर काढावं आणि पुसून लगेच बसवावं.

तापवायला हीट गन घ्यावी. ती हबच्या पायरीभोवती गोल फिरवत राहायची, एका जागी धरायची नाही. आधी ऑइल सील, मागच्या हबमधले डँपर रबर, डिस्क आणि एबीएसची कडी काढून ठेवायची. चाक गाडीपासून आणि पेट्रोलपासून लांब न्यायचं. गॅसच्या बर्नरची ज्योत मला मान्य नाही. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. ते जसंच्या तसं दिसत राहतं आणि एकाएकी मऊ पडतं. शंभर-एकशेदहा अंश पुरेसे आहेत. बेअरिंगच तापवून शाफ्टवर घालायचं असेल तर १२० अंशांच्या वर नेऊ नये, आणि दोन्हीकडे रबरी सील असलेलं बेअरिंग ८० च्या पुढे नेऊ नये, कारण आतलं ग्रीस आणि सील दोन्ही खराब होतात.

तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी असला तर उत्तम, पण त्याची एक खोड माहीत हवी. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवतो, कारण चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचे किरण फार कमी बाहेर टाकतो. आकडा साठ दिसतोय म्हणून तापवत बसलं तर हब दीडशेच्या पुढे गेलेला असू शकतो. मापायच्या जागी काळ्या मार्करनं गिरवावं किंवा मास्किंग टेपचा तुकडा चिकटवावा आणि त्यावर नेम धरावा. थर्मामीटर नसेल तर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो तडतडून उडाला की शंभरी ओलांडली. केस किंवा कव्हर भट्टीत तापवायचं असेल तर स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नये. तेलाचा धूर आणि वास त्यातून जात नाही.

काढण्याच्या हत्यारांत मात्र निवड खरोखर करावी लागते. चाकात बाहेरची रेस पायरीला टेकलेली असते, मागून तिला हात घालायला जागाच नसते. त्यामुळे जोर आतल्या रेसमधूनच द्यावा लागतो, छर्ऱ्यांतूनच तो जातो आणि बेअरिंग बिघडतं. मघाशी म्हटलेला अपवाद तो हाच. म्हणून चाकातून काढलेलं बेअरिंग चांगलं दिसलं तरी पुन्हा बसवू नये. आता राखायचा आहे तो हब.

सर्वांत साधं हत्यार पोगर किंवा लांब पोलादी सळई. स्पेसर आतून थोडा बाजूला सरकतो, त्यामुळे पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रेसची कड चंद्रकोरीसारखी उघडी पडते. सळईचं सपाट टोक तिथे टेकवून ठोका मारायचा, मग स्पेसर दुसरीकडे सरकवून समोरच्या कडेवर. आळीपाळीनं मारलं तर बेअरिंग सरळ बाहेर येतं. एकाच कडेवर मारत राहिलं तर ते तिरकं होऊन हबला ओरबाडतं. पितळी सळई मऊ असते आणि तिचे कपचे उडून आत पडतात, म्हणून काढण्यासाठी मी पोलादी सळई वापरीन. आणि हातोडा उचलण्याआधी डोळ्यांवर चष्मा हवाच. बेअरिंगचं पोलाद काचेसारखं कठीण असतं, हातोड्याखाली त्याची कपची उडाली तर ती थेट डोळ्यात जाऊ शकते. हत्यारांच्या यादीत हा चष्मा मी सर्वांत वर लिहीन.

काही हबमध्ये स्पेसर इतका नेमका बसलेला असतो की बाजूला सरकतच नाही. तिथे सळई टेकवायला कड मिळत नाही. अशा वेळी दोन पर्याय असतात आणि त्यांतला फरक कळला नाही तर पैसे फुकट जातात. पहिला ब्लाइंड पुलर. त्याच्या कॉलेटला, म्हणजे फाकणाऱ्या डोक्याला, बारीक ओठ असतो. तो आतल्या रेसच्या भोकातून पलीकडे घालायचा, स्क्रूनं फाकवायचा आणि मग दांडीवर सरकणाऱ्या वजनानं, म्हणजे स्लाइड हॅमरनं, झटके देऊन बेअरिंग ओढायचं. पण ओठाला रेसच्या मागे शिरायला थोडी मोकळी जागा लागते. स्पेसर रेसला चिकटूनच उभा असेल तर ओठ अडकतच नाही. दुसरा पर्याय चीर पाडलेल्या डोक्याचा रिमूव्हर. त्याला ओठ नसतो. डोकं भोकात घालायचं, पलीकडून पाचर असलेली दांडी त्या चिरेत ठोकायची. डोकं फाकून भोकाच्या भिंतीला आवळून बसतं, आणि त्याच दांडीवर पुढे ठोकत राहिलं की बेअरिंगसकट बाहेर पडतं. मागे जागा नसली तरी चालते, फक्त हब आरपार उघडा हवा. म्हणून चाकांसाठी रिमूव्हर आणि एका बाजूनं बंद असलेल्या जागांसाठी, जसं इंजिनच्या केसमधलं गिअरबॉक्सचं बेअरिंग, ब्लाइंड पुलर.

रिमूव्हरचा घरगुती पर्यायही चांगला चालतो. भिंतीत ठोकायचा अँकर फास्टनर असतो ना, त्याचा आवळल्यावर फुगणारा भाग बेअरिंगच्या भोकात घालून नट आवळायचा आणि पलीकडून सळईनं ठोकायचं. १२ किंवा १५ मिलिमीटरच्या भोकात सैल जाईल असं माप निवडावं लागतं. एक-दोन बेअरिंगांसाठी महागडा सेट घेण्यापेक्षा हे बरं. सेट घ्यायचाच असेल तर फार स्वस्तातला घेऊ नये. हलक्या पोलादाच्या कॉलेटचे ओठ पहिल्याच हट्टी बेअरिंगला तुटतात आणि तुटलेला तुकडा आत अडकला की काम दुप्पट होतं. दोन-तीन पायांचा साधा पुलर मात्र हबच्या कामाचा नाही. तो शाफ्टवरून बेअरिंग ओढायला असतो. बेअरिंग आणि शाफ्टवरच्या खांद्याच्या मधे पाय शिरायला जागा नसेल, तर आधी सुरीसारख्या धारेचे दोन अर्धे भाग असलेला सेपरेटर मागे सरकवावा लागतो.

केसमधलं बेअरिंग काढताना पुलर उचलण्याआधी केस तापवून पाहा. शंभर अंशांना तापलेली केस लाकडी फळीवर उलटी धरून आपटली की बेअरिंग कित्येकदा स्वतःच खाली पडतं. मात्र ते अडकवणारी पट्टी किंवा सर्क्लिप आधी काढलेली हवी. सर्क्लिपसाठी आतली आणि बाहेरची असे दोन्ही प्लायर लागतात. टोकं जाड आणि न वाकणारी घ्या. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या काही हबमध्ये बेअरिंगवर आट्यांची कडी असते आणि तिचे आटे उलटे असतात. तिथे ठोकण्याआधी आट्यांची दिशा पाहावी.

कोणतं माप विकत घ्यायचं हे बेअरिंगचा क्रमांकच सांगतो. शेवटचे दोन अंक भोकाचे: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे अंकाला पाचानं गुणायचं. आधीचे अंक मालिकेचे. ६२०२ चा बाहेरचा व्यास ३५ आणि ६३०२ चा ४२, भोक दोघांचंही १५. गाडीत कोणते क्रमांक आहेत हे पार्ट्स कॅटलॉगमध्ये पाहिलं की कोणत्या कॉलेटची आणि कोणत्या चकतीची गरज आहे ते कळतं. बहुतेक घरांना दोन-तीन मापंच पुरतात, तीस तुकड्यांचा सेट लागत नाही. क्रमांकापुढची अक्षरंही वाचावीत. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं. पाणी उडणाऱ्या चाकात रबरी सीलच हवं. तेही धुण्याच्या केंद्रातला पाण्याचा जेट थेट ॲक्सलवर मारला तर टिकत नाही. सी३ म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. मूळ बेअरिंगवर ते असेल तर नव्यावरही असावं, नसेल तर उगाच घेऊ नये.

बनावट बेअरिंग हा खरा धोका आहे. खोका आणि छाप हुबेहूब असतात, आतलं पोलाद नसतं. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना ही अडचण टाळता येते. एसकेएफचा कारखाना चिंचवडला आहे, एनआरबीचा जालन्यात, आणि औद्योगिक गावांत या कंपन्यांचे अधिकृत विक्रेते सापडतात. कोपऱ्यावरच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळणाऱ्या खोक्यापेक्षा तिथवर जाणं परवडतं.

स्टीअरिंगच्या बेअरिंगचा, म्हणजे कोनसेटचा, विचार वेगळा करावा लागतो. ते पूर्ण फिरतच नाही. सरळ रस्त्यावर ते थोड्याशा अंशांतच हलतं आणि खड्ड्यांचे सगळे घाव रेसच्या त्याच ठिपक्यांवर बसतात. पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवलं आणि मधोमध ते खाचेत बसल्यासारखं थांबलं, तर रेसमध्ये खळगे पडले आहेत असं समजावं. आवळून काही होत नाही. फ्रेमच्या मानेतल्या वाट्या काढायला आतून लांब सळई लागते आणि बसवायला पुन्हा तोच थ्रेडेड रॉड, दोन्ही टोकांना चकत्या लावून. लांब नळीत हातोड्यानं वाटी सरळ बसणं अवघड, रॉडनं सहज. नट आवळायला हुक पाना हवा. छिन्नी-हातोडीनं खाचा खराब होतात. जुन्या गाड्यांत छर्रे सुटे असतात, म्हणून खाली कापड अंथरून, वरचे किती आणि खालचे किती ते मोजून ठेवावं. स्टीअरिंगच्या दांड्यावरची खालची रेस फारच हट्टी असते. तिथे सेपरेटर चालतो. मानेतली वाटी सळईला दाद देत नसेल, तर वेल्डिंगवाल्याकडून तिच्या आतल्या बाजूनं गोल टाका मारून घ्यावा. वेल्ड थंड होताना आकसतं, वाटीला आत ओढतं आणि वाटी सैल होऊन निघते.

स्विंग आर्ममध्ये गाडीनुसार बुश असतात किंवा नीडल बेअरिंग. नीडल बेअरिंगचा पत्रा पातळ, हातोडा तिथे वर्ज्य. बेंच व्हाइस आणि दोन सॉकेट हा इथला उत्तम प्रेस आहे. ज्या टोकावर क्रमांक कोरलेला आहे ते टोक दाबायचं, कारण तेच जाड आणि कणखर असतं. किती खोल बसवायचं ते जुनं काढण्याआधी व्हर्नियरनं मोजून लिहून ठेवायचं.

आणि हायड्रॉलिक प्रेस? त्याची शिफारस मी सर्वांत शेवटी करीन. घरात जागा लागते, उचलायला माणूस लागतो आणि त्याच्या दहा टनांपैकी एक टनही चाकाच्या कामाला लागत नाही. शिवाय जोर इतका सहज मिळतो, की बेअरिंग तिरकं गेल्याचं हाताला कळतच नाही. शाफ्टवरची घट्ट बेअरिंगं वारंवार बदलणाऱ्यालाच तो घ्यावासा वाटावा. त्याच पैशांत व्हर्नियर, हीट गन, चांगला रिमूव्हर आणि टॉर्क रेंच येतो. टॉर्क रेंचला कुणी बेअरिंगचं हत्यार म्हणत नाही, पण तो आहे. स्पेसरवर आतल्या रेस किती दाबल्या जातील हे ॲक्सलचा नट ठरवतो, म्हणून मॅन्युअलमधल्या आकड्यालाच तो आवळावा. काम झाल्यावर रेंचची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी.

कधी जुनं बेअरिंग हातानं निघून येतं. ती आनंदाची गोष्ट नाही. बाहेरची रेस हबमध्ये फिरून भोक मोठं झालेलं असतं. भोकात पोगराचे ठिपके मारून नवं बेअरिंग घट्ट करायची रीत सर्रास दिसते, पण ठिपक्यांची टोकं थोड्याच दिवसांत चेपतात आणि बेअरिंग पुन्हा फिरू लागतं. झीज अगदी थोडी, मिलिमीटरच्या एका शतांशाच्या आगेमागे असेल, तर दोन्ही पृष्ठभाग तेलमुक्त करून लॉकटाइट ६४१ सारखं बेअरिंगसाठीचं द्रव्य लावता येतं. नट-बोल्टांना लावायचं निळं द्रव्य इथे चालत नाही. झीज त्याहून जास्त असेल तर हब लेथवाल्याकडे नेऊन बोअर करून आत बुश बसवून घ्यावा लागतो.

क्रँकच्या बेअरिंगपाशी मी घरच्या माणसाला थांबायला सांगीन. तिथे केस उघडायला वेगळा पुलर लागतो. क्रँक दोन वजनी चकत्यांच्या मधे पिन दाबून जोडलेला असतो आणि एक चुकीचा ठोका त्या चकत्या एकमेकींपासून हलवू शकतो. त्या पुन्हा एका रेषेत आल्या की नाहीत हे डायल गेज लावून, सेंटरवर फिरवूनच कळतं. ते काम ज्याच्याकडे गेज आणि सेंटर दोन्ही आहेत अशा कारागिराकडे द्यावं. देताना नव्या बेअरिंगचा क्रमांक, अक्षरांसकट, स्वतः लिहून द्यावा, आणि तो केस तापवतो की ठोकतो, हे विचारून मगच इंजिन त्याच्या हाती सोपवावं.